वाचकांचे प्रश्न : क्योटोत तीन दिवस, आणि ताटात मासा नको

प्रश्न : मी सांगलीचा, वय ६७, बँकेतून निवृत्त झालेला. मुलगी टोकियोत नोकरीला आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि पत्नी तिच्याकडे जाणार आहोत. तिला सुट्टी नाही, त्यामुळे क्योटोला आम्ही दोघंच तीन रात्री राहू. मी यादी केली आहे : सुवर्णमंदिर, कियोमिझु, फुशिमी इनारी, बांबूचं बन, नारा, ओसाकाचा किल्ला, हिमेजीचा किल्ला आणि वेळ उरला तर हिरोशिमा. माझे गुडघे दुखतात, पायऱ्या फार चढवत नाहीत. पत्नी माळकरी आहे. मांस-मासे-अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही. तिने आत्तापासूनच दशम्या आणि चटण्या न्यायचं ठरवलंय. मला मात्र तिथलं काहीतरी खाऊन यायचंय. दोघांचं जमेल असं सुचवाल का?

उत्तर : काका, आधी पेन घ्या आणि यादीतली शेवटची चार नावं खोडा. नारा, ओसाका, हिमेजी, हिरोशिमा. ती ठिकाणं कमी प्रतीची आहेत म्हणून नाही. नोव्हेंबरच्या शेवटी इथे पावणेपाचला सूर्य मावळतो, आणि बहुतेक देवळं साडेचार-पाचला दारं लावतात. त्यात याच दिवसांत मेपलची पानं लाल होतात आणि ती बघायला सगळा जपान क्योटोत उतरतो. हातात राहतात रोजचे आठ तास. त्यातले तीन गाडीत आणि फलाटावर गेले, तर सांगलीला परत गेल्यावर तुम्हाला स्टेशनंच आठवतील.

मी मूळची साताऱ्याची. गेली अठरा वर्षं क्योटोच्या फुशिमी भागात राहते. आपल्याकडचे पाहुणे आले की सगळे आधी देवळांची यादी काढतात आणि जेवणाचं काय ते तिथे बघू म्हणतात. मी त्यांना उलटं करायला सांगते. दुपारचं जेवण कुठे ते आधी ठरवायचं, आणि त्याच्या आजूबाजूची देवळं त्या दिवशी घ्यायची. काकूंसाठी तर हाच एक मार्ग आहे. का, ते सांगते.

माझी आईही माळकरी. मी इथे आले त्याच्या पुढच्याच वर्षी ती आली होती. मी तिला उदोन खायला नेलं : जाड पांढऱ्या शेवया, वर गोडसर मुरवलेला तळलेल्या तोफूचा मोठा तुकडा. दुकानात मी विचारलं, मांस आहे का? नाही. मासा आहे का? नाही. आईने वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा प्यायला आणि म्हणाली, "चव छान आहे गं, पण वास कसला येतोय?" त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. रात्री मी तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही. माळ हातात धरून बराच वेळ बसली, आणि पुढचे दोन दिवस केळी आणि भात याशिवाय काही खाल्लं नाही. त्या दुकानाने मला फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी मासा म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. रस्सा ज्याचा केला ते 'दाशी', त्याला कोणी मासा म्हणत नाही. चुकीचा प्रश्न मी विचारला होता.

ही दाशी नीट समजून घ्या, कारण क्योटोतली निम्मी चव तिच्यात आहे. कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात. मग रंध्यासारख्या पात्यावर तो किसतात. त्याच्या पापुद्र्यांचा काढा म्हणजे दाशी. ती मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपमध्ये असते, उदोनच्या रश्श्यात असते, सोबा या बारीक शेवयांसोबतच्या थंड आमटीत असते, टेम्पुरा या इथल्या भज्यांबरोबर येणाऱ्या वाटीत असते, उकडलेल्या पालकावर असते. तांदूळ भरलेली तोफूची पिशवी, म्हणजे इनारी-झुशी, दिसायला पूर्ण शाकाहारी. पण ती पिशवीही बहुधा याच काढ्यात शिजवलेली असते. 'व्हेजिटेरियन' हा शब्द इथे सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण त्यात मासा चालतो असं मानणारे पुष्कळ आहेत. म्हणून तो शब्द वापरूच नका. ही दोन वाक्यं पाठ करा : "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस." मांस नाही, मासा नाही, माशाचा काढाही चालत नाही. मुलीकडून हेच जपानीत एका जाड कागदावर लिहून घ्या, खाली अंडं, कांदा आणि लसूणही लिहा, आणि प्रत्येक ठिकाणी बसण्याआधी कागद पुढे करा. बसल्यावर नको. नाही म्हणावं लागलं तर दुकानदाराला फार अवघड वाटतं, आणि दारात त्याला ते सोपं जातं.

आता चांगली बाजू. बौद्ध मठांत जे जेवण रांधतात त्याला 'शोजिन र्योरी' म्हणतात. त्यात मांस-मासा नसतोच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातल्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. काकूंचं पथ्य आणि इथल्या भिक्षूंचं पथ्य एकच. रस्सा करतात तो कोम्बू नावाच्या समुद्री पानाचा आणि सुकवलेल्या शिताके आळिंब्यांचा. काकूंना हे वाचून दाखवा. सात समुद्रांपलीकडे त्यांच्या ताटाचा नियम पाळणारी माणसं आहेत, हे कळल्यावर माझ्या आईचा चेहरा कसा उजळला होता ते मला अजून आठवतं.

म्हणून तुमच्या सहलीचा मधला खांब म्हणजे दुसऱ्या पूर्ण दिवसाचं दुपारचं जेवण. अराशियामातल्या तेनर्यू-जी या झेन मठाच्या आवारातच 'शिगेत्सु' हे भोजनगृह आहे. मुलीला आत्ताच जागा राखून ठेवायला सांगा, आणि त्याच वेळी गुडघ्यांचं सांगून खुर्ची मिळेल का तेही विचारा, कारण इथे बहुतेक ठिकाणी जमिनीवर बसून जेवण असतं. मठाच्या बागेचं तिकीट जेवणाच्या पैशांव्यतिरिक्त लागतं. जेवण स्वस्त नाही, माणशी काही हजार येन होतील. पण तीन दिवसांत एकदाच पैसे सोडायचे असतील तर ते इथे सोडा.

काय येतं ताटात? लाल लाखेचं तबक, त्यात लहान-लहान वाडगे. एकात गोमा-दोफू. नावात तोफू असलं तरी सोयाबीनशी त्याचा संबंध नाही. तीळ अगदी गंधासारखे वाटून, कुझु नावाच्या वेलीच्या मुळाचं सत्त्व घालून, आचेवर सतत घोटत राहायचं आणि थंड करून पाडायचं. चमचा लावला की खरवसासारखं थरथरतं, जिभेवर ठेवलं की तिळाचा वास आधी नाकात जातो आणि मग चव कळते. आपल्या हाताला तिळाची सवय आहे, म्हणून काकूंना ते पहिल्याच घासाला ओळखीचं वाटेल. बाकी मग भोपळा, कमळकाकडी, युबा म्हणजे सोयादुधावरची साय, लोणचं, भात, सूप. तिखट नाही, फोडणी नाही. पहिले पाच-सहा घास 'काहीच चव नाही' असं वाटतं. घाई करू नका. सातव्या-आठव्या घासाला भोपळ्याची चव भोपळ्यासारखी लागायला लागते.

त्या दिवशी सकाळी लवकर निघा. क्योटो स्टेशनवरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाडीने सागा-अराशियामा पंधरा-सतरा मिनिटांवर आहे. बांबूचं बन आठच्या आत बघायचं. दहानंतर तिथे बांबू कमी आणि डोकी जास्त दिसतात. साडेआठला तेनर्यू-जी उघडतं. हा मठ १३३९ साली आशिकागा ताकाउजीने बांधायला घेतला, आणि मागची तळ्याची बाग मुसो सोसेकी या झेन गुरूची. इमारती कितीदा जळल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. बागेचा आराखडा मात्र त्यांच्या काळातला टिकला. ओसरीवर बसा. गुडघे लांब सोडून तासभर बसलात तरी कोणी उठवणार नाही. अकराच्या सुमारास जेवायला जा, आणि जेवल्यावर परत हॉटेलात येऊन झोपा. संध्याकाळ मोकळी ठेवा. हे मी कळकळीने सांगते, कारण तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचे पाय जातात ते दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळमुळे.

पोहोचाल त्या दिवशी फक्त तो-जी. स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटं, टॅक्सीने पाच. तिथला पाच मजली मनोरा जवळजवळ ५५ मीटरचा आहे, जपानमधला सर्वांत उंच लाकडी मनोरा. फोटो सगळे त्याचेच काढतात. तुम्ही मात्र व्याख्यानगृहात, 'कोदो'त जा. अंधारात २१ मूर्ती मंडलासारख्या मांडलेल्या आहेत, बऱ्याचशा नवव्या शतकातल्या. एका टोकाला हत्तीवर बसलेला एक देखणा तरुण आहे. तो तैशाकुतेन, म्हणजे आपला इंद्र. दुसऱ्या टोकाला चार हंसांवर बसलेला, चार तोंडांचा बोंतेन. ब्रह्मदेव. आईला मी नावं सांगायच्या आधीच तिने हंस बघून हात जोडले होते.

आणखी एक बघा. इथल्या देवळांमागच्या स्मशानभूमीत थडग्यांच्या मागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या केलेल्या दिसतील. त्यांच्यावर वरून खाली काळ्या शाईने काही अक्षरं असतात. ती जपानी नाहीत. ती सिद्धम्, संस्कृत बीजमंत्र लिहायची लिपी, आपल्या नागरीची लांबची चुलत बहीण. हजार-बाराशे वर्षांपूर्वी भिक्षूंनी चीनमार्गे आणली आणि भारतात ती वापरातून गेल्यावरही इथे जपली. नीट निरखलं तर एखादा 'अ', एखादी मात्रा ओळखू येते. फोटो काढू नका, ती कोणाच्या तरी घरची माणसं आहेत. नुसतं वाचा.

पहिला पूर्ण दिवस पूर्वेकडचा. कियोमिझु-देरा सकाळी सहाला उघडतं, आणि तुम्ही सात वाजता तिथे असायला हवं. चढ आहे, म्हणून टॅक्सी करा. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं, हात लावू नका. १६३३ साली बांधलेला तो प्रसिद्ध लाकडी मंच १३ मीटर उंच आहे. खाली केयाकी लाकडाचे खांब एकमेकांत खाचा करून बसवलेत, खिळा नाही. पण कियोमिझु या नावाचा अर्थच शुद्ध पाणी, आणि ते पाणी खाली आहे. ओतोवाच्या झऱ्याच्या तीन धारा. लांब दांड्याच्या पळीने एका धारेचं पाणी घ्यायचं. तिन्हींचं घेतलं तर हाव धरली असं म्हणतात. खाली जायला पायऱ्या आहेत. त्या टाळायच्या तर उताराचा रस्ता विचारा, तो आहे.

तिथून टॅक्सीनेच सान्जुसान्गेन-दो. नोव्हेंबरच्या शेवटी ते नऊला उघडतं. काका, तुमच्या गुडघ्यांना हे देऊळ मानवेल, सगळं सपाट आहे. १२६६ सालची ही वास्तू, सुमारे १२० मीटर लांब, आणि आत कन्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती. मध्ये एक मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या. प्रत्येकीला ४२ हात. छातीशी जोडलेले दोन सोडले तर उरतात ४०, आणि एकेक हात २५ भुवनांचा उद्धार करतो, म्हणून ती सहस्रभुज. हिशोब बँकेतल्या माणसाला आवडेल. या हजार मूर्तींच्या पुढे २८ रक्षकदेवता आहेत. त्यात ब्रह्मा आणि इंद्र पुन्हा भेटतात, आणि चोचीचा, पंखांचा गरुड भेटतो. तो बासरी वाजवतो आहे. अठरा वर्षांत मी कितीदा गेले असेन, त्या गरुडासमोर माझी पावलं दर वेळी थांबतात. आत फोटो काढायला मनाई आहे आणि मला ती मनाई फार बरी वाटते.

त्या दिवशी दुपारी जेवायला युदोफू. मातीच्या भांड्यात कोम्बूच्या पाण्यात हळूहळू गरम होणारा तोफू. क्योटोचं पाणी मऊ आहे, म्हणून इथला तोफू नावाजला जातो. नान्झेन-जी मठाच्या आसपास याची दुकानं आहेत. भांड्यातलं बहुधा चालतं, पण सोबत बुडवायला जी वाटी देतात तिच्यात दाशी असते. कागद दाखवा आणि नुसता सोयासॉस मागा, "किजोयु" म्हणायचं. साथीला तळलेलं काही आलं तर टेम्पुराच्या पिठात अंडं असू शकतं, तेही विचारा.

मग गियोन या जुन्या वस्तीत, यासाका जिंजा या शिंतो देवस्थानाच्या पायथ्याशी. तिथे कामेया कियोनागा हे १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. त्यांच्याकडे 'सेइजो कान्किदान' नावाचा एक पदार्थ मिळतो. काकूंना तो हातात द्या आणि काही सांगू नका. पिठाची पारी, वर चुण्या घालून तोंड बांधलेली, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, आणि तिळाच्या तेलात मंद आचेवर तळलेला. आपला तळणीचा मोदकच. पुरणात सात सुगंधी द्रव्यं असतात. दालचिनी, लवंग, चंदन हे तुम्हाला ओळखू येतील. पहिला चावा कडक जातो, दात जपून, आणि मग देवघरातल्या उदबत्तीचा वास तोंडातून नाकाकडे चढतो. हा पदार्थ तांग काळातल्या चीनमधून बौद्ध धर्माबरोबर आला, आणि तो ज्याला वाहतात तो कांगितेन म्हणजे गजमुखी देव, आपला गणपती. इथे त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी पडद्याआड असते, दर्शन देत नाहीत. पण नैवेद्य मिळतो.

गियोनमध्ये खासगी गल्ल्यांत शिरायला बंदी आहे, तशा पाट्या लावल्यात, दंडही आहे. मोठ्या रस्त्यावरून चाला.

तिसरा दिवस. पहाटे उजाडताना फुशिमी इनारी, जेआरने स्टेशनपासून दुसरं स्थानक. तिकीट नाही, दार नाही, रात्रंदिवस उघडं. ही भाताची देवता, कोल्हे तिचे सेवक. कोणाच्या तोंडात भाताची लोंबी, कोणाच्या तोंडात कोठाराची किल्ली. हजारो लाल तोरणं, म्हणजे दोन खांबांच्या कमानी, डोंगरभर गेली आहेत, वरपर्यंत जाऊन यायला दोन-तीन तास लागतात. तुम्ही फक्त पहिली दाट रांग संपते तिथपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, आणि परत. परत येतानाच खरी गंमत आहे. जाताना तोरणं कोरी दिसतात. येताना प्रत्येक खांबावर ते तोरण कोणी, केव्हा वाहिलं ते काळ्या अक्षरांत कोरलेलं दिसतं. बहुतेक व्यापारी आणि त्यांच्या पेढ्या.

मग उत्तरेकडे, सुवर्णमंदिर. तुमच्या मनात ते पहिलं आहे, माझ्या मनात शेवटचं. १३९७ चं मूळ, पण १९५० साली एका तरुण भिक्षूने ते जाळलं. आज दिसतं ते १९५५ चं. सकाळी नऊला पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब सुंदर असतं यात शंका नाही, पण आत जाता येत नाही, एकाच दिशेने चालत राहायचं, आणि तळ्यानंतर पायऱ्या आहेत. पाऊण तास पुरे.

तिथून टॅक्सीने दहा मिनिटांवर इमामिया जिंजा, आणि इथे जेवणाच्या वेळेला भुकेले पोहोचा. पूर्वेच्या दाराबाहेर समोरासमोर दोन दुकानं, दोघांकडे एकच पदार्थ : आबुरी-मोची. त्यातलं इचिवा इसवी सन १००० पासून चालू आहे. अंगठ्याएवढे तांदळाच्या पिठाचे गोळे बांबूच्या काडीला टोचायचे, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवायचे आणि निखाऱ्यावर धरायचे. फुगून टोकाला काळे पडले की पांढऱ्या मिसोचा गोडसर रस वर ओततात. बायका दारातच बसून पंख्याने निखारा फुलवत असतात. तांदूळ, सोयाबीन, मिसो. काकूंना निर्धास्त बसता येईल, तरी कागद दाखवायची सवय मोडू नका. बुधवारी दोन्ही दुकानं बंद असतात, तेवढं दिवस ठरवताना बघा. जवळच दाइतोकु-जी हा मोठा मठ आहे. तिथला काळा, कोरडा, खारट नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, मिळतो. बाकीच्या नात्तोसारखा तो चिकट नसतो. सांगलीला न्यायला तोच घ्या, वरणभाताबरोबर चिमूटभर.

एकादशी आली तर काळजी नको. नोव्हेंबरात इथल्या सुपरमार्केटात दारापाशीच गरम खड्यांवर रताळी भाजत ठेवलेली असतात. कागदात गुंडाळून देतात. साल ओढली की आतून पिवळंजर्द, आणि पाक सुटलेला असतो. आई ते खाऊन म्हणाली होती, एवढं गोड रताळं पंढरपूरच्या बाजारातही मिळालं नाही.

दशम्या-चटण्या जरूर आणा. रात्रीच्या जेवणाला त्या लागतीलच, कारण मठातली भोजनगृहं दुपारीच असतात. फक्त ताजी भाजी, फळं, कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात, ते नको. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, डबा उघडून खुशाल खा, तिथे तीच रीत आहे. शहरातल्या बसमध्ये किंवा रस्त्याने चालताना मात्र खाऊ नका.

प्रवासाचं थोडक्यात. टोकियो ते क्योटो सव्वादोन तास. जपान रेल पास घेऊ नका. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ७ दिवसांच्या पासला ५०,००० येन पडतात, आणि तुमचं जाण्यायेण्याचं तिकीट माणशी २८,००० च्या आसपास होईल. जाताना 'ई' रांगेतली जागा घ्या, खिडकीतून फुजी दिसतो. मोठी बॅग ताक्युबिनने, म्हणजे इथल्या सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, आदल्या दिवशी हॉटेलवर पाठवून द्या. हॉटेल स्टेशनजवळच घ्या. पायात चटकन निघणारे बूट आणि जाड मोजे, कारण देवळांतल्या लाकडी जमिनी या दिवसांत बर्फासारख्या लागतात. आणि रोख येन जवळ ठेवा, बऱ्याच देवळांच्या खिडकीवर कार्ड चालत नाही.

प्रश्न : जपानी देवळात नमस्कार करताना टाळी वाजवतात असं व्हिडिओत पाहिलं. मी पुढच्या महिन्यात अभ्यासदौऱ्यावर चालले आहे. नेमकं काय करायचं? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आधी दारात लाल किंवा दगडी तोरण आहे का बघ. असलं तर बहुधा ते जिंजा, शिंतो देवतेचं स्थान. तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं बोलायचं, पुन्हा एकदा वाकायचं. नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'देरा' असलं तर ते बौद्ध मंदिर. तिथे टाळी नाही, आपल्यासारखे शांतपणे हात जोडायचे. आत शिरण्याआधी पाण्याची कुंडी असते. पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. पळीला तोंड लावायचं नाही. आणि पहिल्याच दिवशी एक गोशुइन-चो घे, घडीची वही. प्रत्येक देवळात भिक्षू किंवा पुजारी तीनशे ते पाचशे येनात त्यात लाल शिक्का मारून कुंचल्याने देवतेचं नाव आणि तारीख लिहून देतात. ते लिहीत असताना बोलू नकोस, समोर उभी राहून हात बघ. कुंचला कागदाला टेकतो, दाबला जातो आणि सुटतो, ते बघण्यासारखं असतं.

प्रश्न : आम्ही फोंड्याचे, सगळं खातो, मासे तर रोज लागतात. क्योटोत एक जादा दिवस आहे. नारा की ओसाका?

उत्तर : नारा. गाडीने पाऊण तास. तोदाई-जीमधला पंधरा मीटरचा बुद्ध बघा, आणि बघताना हे लक्षात असू द्या की ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा विधी एका भारतीय भिक्षूच्या हातून झाला. बोधिसेन त्यांचं नाव, ७३६ मध्ये जपानला आले होते. डोळ्यांची बाहुली रंगवायचा कुंचला त्यांच्या हातात, आणि त्या कुंचल्याला बांधलेले लांब दोरे खाली जमलेल्या लोकांच्या हातात, म्हणजे पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आणि दोरा नारातल्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवला आहे.

खायचं म्हणाल तर क्योटोत साबा-झुशी. साबा हा तुमच्या बांगड्याच्या जातकुळीतला. क्योटोला समुद्र नाही, म्हणून वाकासाच्या किनाऱ्यावरून मीठ लावलेले साबा पाठीवर घालून ७० किलोमीटरहून जास्त डोंगरवाटेने आणत. शहरात पोहोचेपर्यंत मीठ बरोबर मुरलेलं असे. त्या वाटेला अजूनही साबाची वाट म्हणतात. ताजा फडफडीत बांगडा खाणाऱ्याला आधी हे पटणार नाही, पण खारवलेल्या बांगड्याची ओढ ज्याला आहे त्याला लगेच कळेल. नारात त्याचाच लहान भाऊ मिळतो, काकिनोहा-झुशी. भाताच्या वडीवर साबाची किंवा साल्मनची चकती, आणि वरून काकी फळाच्या झाडाचं पान गुंडाळलेलं. स्टेशनवरही डबा मिळतो. पान काढून खा, ते वासापुरतं आणि टिकण्यापुरतं आहे.